हिरवा डबा, खाकी डबा

सर,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही विचारावंसं मला वाटलं नव्हतं. रागच होता म्हणा ना. तुमच्या मातीलाही मी आलो नाही. ऑफिसात सुट्टी नाही असं सांगून टाकलं, आणि ते खोटं होतं. पण गेल्या महिन्यात मुकुटबनला एका घराच्या ओसरीत बसून मी दोन जुने अ‍ॅम्प्लिफायर पालथे घातले, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आधी मला नक्की माहीत होतं की चूक कोणाची. आता तेही माहीत नाही. बायको म्हणते, गेलेल्या माणसाशी कसला वाद घालता, जेवून घ्या. मी जेवतो, आणि पुन्हा तेच डोक्यात सुरू होतं. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सुरुवात लेकीनं केली. ती पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि माझ्यासारखीच गिटारच्या नादी लागली आहे. फरक एवढाच, की तिला त्यावरून कोणी नावं ठेवत नाही. एका रविवारी तिचा फोन आला. "पप्पा, काचेच्या व्हॉल्व्हवाले जुने अ‍ॅम्प लोक आता शोधत फिरतात, माहीत आहे? बाहेरच्या देशांत तर कोणी बनवला त्यावरच सगळं. अमक्याच्या हातचा म्हटलं की लोक आधी हात लावून नमस्कार करतात. तुमच्या त्या सरांच्या हातचे होते ना तिकडे?" मी म्हटलं, होते. "मग एखादा बघा ना माझ्यासाठी. आणि घेताना आतून उघडून बघा. वायरिंग मूळचं पाहिजे, मधे कोणी हात घातलेला नको." म्हणजे सर, तुम्ही आता डिझायनर झालात. आम्ही तुम्हाला शाळेत विज्ञान शिकवणारे आणि घरी अ‍ॅम्पचे डबे बनवणारे सर म्हणायचो. मी लेकीला हो म्हटलं, कारण तिला मी सहसा नाही म्हणत नाही. तुमचं नाव घरात निघालं की मी उठून बाहेर जातो, हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या काळी पांढरकवड्यापासून वणीपर्यंतच्या ऑर्केस्ट्रावाल्यांत दोनच हात मानले जायचे, एक तुमचा आणि एक मारेगावच्या मिस्त्रीचा. मिस्त्री कापसाच्या जिनिंगमध्ये जळालेल्या मोटारी पुन्हा बांधायचा, चौथीपर्यंत शिकलेला, आणि बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके लावून वायरी ओळखायचा. लाल ठिपका कुठे, गुलाबी कुठे, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याच्या डब्याचं पोट उघडलं की वायरी जवळच्या वाटेनं, आडव्यातिडव्या गेलेल्या असायच्या. तुमच्या डब्यात मात्र प्रत्येक वायर काटकोनात वळायची, दर बोटभर अंतरावर मेणाच्या दोऱ्यानं बांधलेली, आणि शेजारी तुमच्या वळणदार अक्षरात देवनागरी आकडे. ऑर्केस्ट्राचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, त्यांनी हौसेनं दोघांकडूनही एकेक डबा करून घेतला होता. स्टेजच्या दोन बाजूंना जुळे दिसले पाहिजेत म्हणून पेट्या एकाच सुताराकडून, पत्र्याचा सांगाडा यवतमाळच्या एकाच पत्रेवाल्याकडून, बटणांची भोकंही मोजून सारखी. ओळखायला म्हणून तेवढं तोंडावरचं कापड वेगळं: तुमच्या डब्याला खाकी, मिस्त्रीच्या डब्याला पोपटी हिरवं. लोक म्हणायचे, सरांचा खाकी डबा काचेसारखा स्वच्छ वाजतो आणि मिस्त्रीचा हिरवा जरा घशातून बोलतो. पानठेल्यावर यावरून भांडणं व्हायची. ज्यांना गिटार आणि बेंजोतला फरक कळत नव्हता तेही पैज लावायला तयार.

मी तुमच्याकडे तीन वर्षं येत होतो. मिसरूड फुटून बरीच वर्षं झाली होती, लग्न ठरलं होतं, आणि तरी तुमच्या दाराशी आलो की चप्पल कुठे काढू ते सुचायचं नाही. तुम्ही ट्रान्सफॉर्मर गुणगुणू नयेत म्हणून मेणात बुडवायचात, आणि मेण वितळवायला काकूंचा गॅस. काकू ओरडायच्या, "दुधाच्या पातेल्याला हात लावू नका हं," आणि तुम्ही नेमकं तेच उचललेलं असायचं. मग चहाला मेणाचा वास. तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी तो चहा प्यायलो आहे. घरी गेलो की आई विचारायची, "अंदर बसवते का तुले? सैपाकघरात?" मी हो म्हणायचो. ती पुन्हा विचारायची, "कप तोच देते का, का येगळा?" तोच देतात म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. आमच्या वस्तीतून तुमच्या गल्लीत चहा प्यायला जाणारा मी पहिलाच. म्हणून तुमचा एकेक शब्द मला फार मोठा वाटायचा, आणि शब्द तर तुम्ही मोजकेच बोलायचात. एकदा नागपूरहून तुम्ही माझ्यासाठी गिटारच्या तारांचा नवा सेट आणलात. माझ्यापुढे टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "जुन्या गंजल्यात. ऐकवत नाही." ती भेट होती की बोलणं, हे मला तेव्हाही कळलं नाही. तारा मात्र मी जपून वापरल्या.

आता त्या दिवसाचं लिहितो. पांढरकवड्याला जयंतीचा कार्यक्रम, मोठं मैदान, दुपारचं ऊन. आधीच्या आठवड्यात आमच्या बेस गिटारवाल्याला माइकला ओठ लागताच शॉक बसला होता, म्हणून भाऊंनी दोन्ही डबे अर्थिंग करायला तुमच्याकडे टाकले. मिस्त्रीचा डबा तुमच्याकडे का, तर मिस्त्रीला जिनिंगमधून सुट्टी नव्हती. तुम्ही दोन्ही करून दिलेत. दुपारी स्टेजवर डबे मांडले, मिस्त्रीही आलेला, भाऊ खुर्ची टाकून बसलेले, मंडपवाले बांबू सोडून बघायला उभे. मी आधी खाकीत गिटारची पिन घातली, चार सूर वाजवले. मग हिरव्यात. तुम्ही विचारलंत, "कुठला बरा वाटतो?" मी म्हटलं, "हिरवा." तुम्ही चष्मा काढून पुसलात. मला ते अजून दिसतं, धोतराच्या टोकानं पुसलात, पँट-शर्टाच्या जमान्यातही तुम्ही धोतर नेसायचात. आणि म्हणालात, "तुझा कान कच्चा आहे. डब्यानं स्वतःचं काही घालायचं नसतं. जो घालतो तो वाद्याच्या नावावर खोटं बोलतो, आणि तुला ते खोटं गोड लागतं." एवढंच. आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं, लोक म्हणाले असते सर रागात होते. शांतपणे म्हटलेलं सगळ्यांना निकालासारखं वाटलं.

भाऊंना तर वाटलंच. पुढच्या महिन्यात त्यांनी लीड गिटारला नागपूरचा पोरगा आणला आणि मला कोरसमागे बसवलं. मी विचारलं तर म्हणाले, "सरच म्हनते ना बाप्पा, कान कच्चा हाय. मी काय करू?" दोन कार्यक्रम मागे बसलो, तिसऱ्याला गेलोच नाही. मग विजेच्या ऑफिसात लागलो, बिलाच्या टेबलावर, आणि गिटार कपाटावर गेली. कोणी विचारलं की मी सांगायचो, एका मोठ्या माणसानं मला संपवलं. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की ते माझ्याच तोंडून ऐकायचा मला कंटाळा आला आहे. तरी बोलतो.

तर लेकीसाठी बाजार करायला निघालो. दोन रविवार तुमच्या आणि मिस्त्रीच्या डब्यांच्या मागावर फिरलो, सर, एखाद्या मुलीला स्थळं बघावीत तसा. पांढरकवड्याला हायवेवर एका भंगारवाल्याकडे तुमच्या हातचा एक निघाला, पण तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर उपटलेला, आणि रिकाम्या पेटीत ट्रकचे नटबोल्ट. भंगारवाला म्हणाला, "हे काय कामाचं नाई साहेब, अंदर काचाच काचा होत्या." मारेगावला मंडपवाल्याच्या गोदामात दुसरा होता, त्यावर त्यानं देव मांडले होते, म्हणून विकायला तयार नव्हता. ऑर्केस्ट्रे बंद पडून बरीच वर्षं झाली. कापसाच्या पडत्या भावाच्या या वर्षांत लग्नं होतात, पण कोणी बँड लावत नाही, ना डीजे. बऱ्याच गावांत लोक नुसतं अक्षता टाकून, कढी-भात जेवून मोकळे होतात, आणि दोन घरं सोडून एखाद्या भिंतीवर हार घातलेला नवा फोटो असला तर तेवढंही हळू आवाजात. अशा गावात गिटारचा डबा शोधत फिरणारा माणूस लोकांना येडाच वाटणार. त्यात मी विजेच्या ऑफिसातला. ओळख पटली की डबा राहायचा बाजूला आणि बारा तासांच्या लोडशेडिंगबद्दल मलाच धारेवर धरायचे, जसा काही मीच खटका बंद करून आलोय.

तिसऱ्या रविवारी भाऊंकडे मुकुटबनला गेलो. भाऊ आता सत्तरीपलीकडचे, गुडघ्यांनी बेजार. मला पाहून म्हणाले, "काहून रे, एवढ्या दिसानं? मले वाटलं तू माह्यावर नाराजच हायेस." मी म्हटलं, नाही भाऊ, डबे बघायला आलोय. "हायेत ना. दोनी हायेत. पर कापसाखाली हायेत." भाव चढेल म्हणून खोलीभर कापूस रचून ठेवला होता, छताला लागेल एवढा, आणि डबे तळाशी. भाऊंच्या सुनेनं आणि मी दोघांनी मिळून तास-दीड तास कापूस उपसला. अंगभर खाज. शेवटी एका कोपऱ्यात हिरवं कापड दिसलं, त्याच्या मागे खाकी. इतकी वर्षं गेली तरी दोन्ही पेट्यांच्या कडा सरळ होत्या. सुतारही चांगला होता म्हणायचा; त्याचं नाव कोणी घेत नाही. डबे ओसरीत आणले, कारण कापसाच्या खोलीत विजेची लाइन लावायची छाती कोणाची होणार. तशीही लाइन गेलेलीच होती, चारला येणार होती. म्हटलं, तोवर आतून बघून घेऊ, लेकीनं सांगितलंय.

व्हॉल्व्ह बदलायला मागची जाळी काढली की पुरतं, ते भाऊ स्वतःच करायचे. वरून दोन्ही डबे सारखेच दिसतात, तेच व्हॉल्व्ह, नागपूरचे तेच ट्रान्सफॉर्मर. फरक पोटात, आणि पोटावर पत्र्याचं झाकण. त्या झाकणाच्या स्क्रूंवर तुमची लाख होती, सर. तुम्ही काम केलेल्या डब्यावर लाख ओतून शिक्का मारायचात, झाकणापासून थेट पेटीच्या लाकडापर्यंत, म्हणजे कोणी उघडलं तर कळावं. दोन्ही डब्यांवर ती शाबूत. शेजारी तुमची चिठ्ठी चिकटवलेली, 'अर्थिंग केले', खाली सही आणि तारीख. तारीख पांढरकवड्याच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीची. ती तारीख मी विसरणं शक्य नाही. मी आधी खाकीची लाख फोडली, तुमचं काम पुन्हा बघायचं म्हणून. राग असला तरी ते बघावंसं वाटत होतं. झाकण उचललं, तर आत वायरी आडव्यातिडव्या, आणि जागोजागी नेलपॉलिशचे ठिपके. लाल, गुलाबी, एक जांभळासुद्धा.

मी झाकण परत ठेवलं. पाणी प्यालो. मग हिरवा फोडला. आत प्रत्येक वायर काटकोनात, दर बोटभर अंतरावर दोरा, आणि तुमचे आकडे.

भाऊ म्हणाले, "काय झालं रे? उंदीर होते का?" मी त्यांना समजावून सांगितलं. अर्थिंगसाठी दोन्ही सांगाडे पेट्यांतून काढले असणार, आणि परत घालताना तुमचा मिस्त्रीच्या पेटीत गेला, मिस्त्रीचा तुमच्या. भोकं सारखी, मापं सारखी, बसले बरोबर. भाऊ म्हणाले, "म्हंजे लोक ज्याले काच म्हनत होते थो मिस्त्रीचा, अन् घशातून बोले थो सरायचा?" मी म्हटलं, हो, त्या कार्यक्रमापासून. "अन् पुरा जिल्हा भांडला ना बाप्पा त्याच्यावर!" त्यांना हसू आवरेना. मला हसू येत नव्हतं. मी ओसरीतच उभा राहून लेकीला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, की बघ, ज्या दिवशी सरांनी मला कान कच्चा म्हटलं त्या दिवशी मी सरांचाच डबा निवडला होता. माझ्या कानानं बरोबर माणूस ओळखला होता. माणसानंच स्वतःला ओळखलं नाही. लेक म्हणाली, "पप्पा, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, कापूस गेलाय डोळ्यात.

तसाच बसनं मारेगावला गेलो, मिस्त्रीकडे. लाइन यायची वाटही पाहिली नाही. मिस्त्री आता एका कानानं पार बहिरा, दुसऱ्यानं अर्धा. जिनिंगचा आवाज, दुसरं काय. अंगणात बाजेवर बसला होता. मी त्याच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन सगळं दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्याला वाटलं मी दुरुस्तीला आलोय. दुसऱ्यांदा कळलं तेव्हा तो मांडीवर हात मारून असा हसला, की घरातून त्याची म्हातारी बाहेर आली. "म्हंजे मास्तर दहा-बारा वर्स माह्या डब्याले आपला म्हनत होते! अन् शाबासकी त्याईले भेटली!" मी विचारलं, तुम्हाला तरी कळलं कसं नाही, तुमचा आवाज तुमच्या डब्यातून येत नव्हता तर? तो म्हणाला, "हिरवं कापड दिसे ना मले. हिरवा वाजून राह्यला मस्त, तं मले वाटे आपलाच हाय. कापड पाहूनच आयकत होतो म्हन." मग हसू थांबलं आणि तो म्हणाला, "एक सांगू का. त्या प्रोग्रामच्या राती मास्तर माह्याजवळ आलते. म्हने, मिस्त्री, तुझा डबा आज फार चांगला वाजला. मी कोनालेच सांगतलं नाई. म्हटलं, मास्तरची इज्जत हाय, चारचौघात कायले बोला."

सर, इथे माझं डोकं पार फिरलं. मला तुम्ही दुपारी म्हणता, हिरवा खोटं बोलतो. रात्री मिस्त्रीला म्हणता, हिरवा चांगला वाजला. मग तुम्हाला ठाऊक होतं का? सांगाडे तुम्ही मुद्दाम बदललेत का, कोण काय ऐकतं ते बघायला? तुम्ही शाळेत असे प्रयोग करायचात, दोन ग्लासांत तेच पाणी देऊन कोणतं गोड ते पोरांना विचारायचात. तसं असेल तर मी हिरवा म्हटल्यावर तुम्हाला आनंद व्हायला हवा होता. की झाला, आणि तो लपवायला चष्मा पुसलात? की स्वतःच्याच डब्याचा घसा ऐकून तुम्ही घाबरलात, काचेसारखा म्हणून ज्याचं नाव झालं तो मुळात तसा नव्हता हे कळून, आणि जे स्वतःला बोलायचं ते मला बोललात? की हे सगळं काहीच नाही, त्या दिवशी घाईत, काकू जेवायला हाक मारताहेत म्हणून, साधी चूक झाली? दर बोटभर अंतरावर दोरा बांधणारा माणूस अशी चूक करतो का? आणि करत असेल तर बाकी कशाकशात केली असेल? मी ऑफिसात बिलं तपासताना हे सगळं उलटसुलट करून बघतो. सोमवारी तुम्ही दोषी असता, मंगळवारी थोर, बुधवारी तुमची कीव येते. काकू मुलाकडे गेल्या, कुठे ते ठाऊक नाही. आणि त्यांना विचारून तरी काय, त्यांना पातेल्याची काळजी होती.

पुढच्या रविवारी परत मुकुटबनला जाऊन एक डबा घेतला. भाऊ म्हणाले जोडीतला कोणताही ने, एक राहू दे, गणपतीत लागते. कोणता नेऊ यावरही मी बराच घोळ घातला: बाहेरून तुमचा आणि आतून मिस्त्रीचा, की आतून तुमचा आणि बाहेरून मिस्त्रीचा. लेक फोनवर म्हणाली, "पप्पा, लाइन आली की दोन्ही वाजवा आणि जो आवडेल तो घ्या ना, एवढं काय!" चारला लाइन आली. एकदम जळू नयेत म्हणून आधी दिव्याच्या सिरीजवर लावून हळूहळू तापवले, दोन्ही डबे जिवंत निघाले. कपाटावरची गिटार मी बरोबर नेली होती. सहापर्यंत वाजवत बसलो, बोटांची सालं निघाली, शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. मग हिरवा उचलून बसच्या टपावर टाकला. आता तो पुण्याला आहे. लेक म्हणते, काय बोलतो पप्पा हा डबा, कॉलेजची पोरं बघायला येतात, सरांचं नाव विचारतात. मी तिला सांगितलंय की तुझ्या पप्पांचा कान पक्का होता म्हणूनच तो आपल्याला मिळाला. ती हे सगळ्यांना अभिमानानं सांगते.

आणि ते तिनं असं सांगायला लागल्यापासून मला झोप नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. मुकुटबनच्या ओसरीत दोन तास वाजवूनसुद्धा मला दोन डब्यांत काहीएक फरक ऐकू आला नाही. वयानं कान गेले असतील, असं मी भाऊंना म्हणालो. पण पांढरकवड्याच्या स्टेजवर मी चोवीस वर्षांचा होतो, सर, आणि तेव्हाही मला फरक ऐकू आला नव्हता. त्या दिवशी सकाळी ठेल्यावर चहा पाजताना मिस्त्री मला म्हणाला होता, "हात लय गोड हाय तुहा." तुम्ही तीन वर्षांत ते कधी म्हटलं नव्हतंत. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हिरवं कापड पाहिलं आणि त्याच्याकडे बोट केलं.